डिस्प्ले येईना

पूर्ण बंद पडलेल्या मशीनचं एक बरं असतं. ते बंद आहे यावर घरात सगळ्यांचं एकमत असतं. स्विच बघा, वायर बघा, वीज पुरवणारा एसएमपीएस बदला, विषय संपला. खरा छळ करतं ते नवंकोरं मशीन, ज्याचे सगळे पंखे फिरतात, आतली लायटिंग रंग बदलत राहते आणि मॉनिटरवर मात्र ‘नो सिग्नल’.

भाच्यानं राजारामपुरीतल्या घरी स्वतः पार्ट जोडून पीसी उभा केला, तेव्हा असंच झालं. रविवारची सकाळ, त्यामुळं माणसंही भरपूर. दाजी म्हणाले, ‘‘फिराय लागल्यात की पंखे! मग चालूच हाय.’’ या पंख्यांनी आजवर किती जणांना फसवलं असेल! पंख्याला 12 व्होल्ट मिळाले की तो फिरतो. प्रोसेसर जागा झाला की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

मग सल्ले सुरू झाले. कोल्हापुरात इंजिनाला कान लावून दुखणं ओळखणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, ही उद्यमनगरची देणगी. शेजारचे काका तिथंच लेथवर आयुष्य काढलेले. त्यांनी कॅबिनेटला कान लावला आणि निकाल दिला, ‘‘रॅम काढ, रबर मार, परत घाल.’’ रॅम म्हणजे मेमरीची पट्टी. खोडरबरानं तिचे पाय घासायचे, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. जुन्या, काळवंडलेल्या रॅमला तो लागूही पडतो. पण सकाळीच खोक्यातून निघालेल्या रॅमला कशाला? उलट रबराचा चुरा स्लॉटमध्ये जायचा.

कान लावण्यात मात्र तथ्य होतं. 1981 च्या आयबीएम पीसीपासून कॉम्प्युटर चालू होताना आधी स्वतःला तपासतो, आणि सगळं ठीक असेल तर एकदा ‘टिक्’ करतो. बिघाड असेल तर वेगळ्या ठेक्यात. आताच्या बऱ्याच मदरबोर्डांसोबत तो छोटा स्पीकर येतच नाही. एवढ्याशा वस्तूत कंपन्यांनी काय वाचवलं, देव जाणे.

नेहमीचे संशयित आम्ही भराभर तपासले. ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या पोर्टला तर लावली नाही ना? नाही. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावामागं ‘एफ’ असतो, त्यात ग्राफिक्स नसतातच, तिथं बोर्डाचं पोर्ट नुसतं शोभेला.) प्रोसेसरची वेगळी 8 पिनांची पॉवर केबल? खट् आवाज येईपर्यंत बसलेली. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये? हो. पोरानं काम नेटकं केलं होतं, उगाच कशाला नावं ठेवू?

सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर, आणि सांगण्यासारखं काही नव्हतं ते नेमकं तिथंच. मी टॉर्च मारला बोर्डावर. आताच्या बऱ्याच बोर्डांवर 24 पिनांच्या जाड केबलच्या कडेला मोहरीएवढे चार दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट. तपासणी जिथं अडते तिथला दिवा पेटून राहतो. इथं डीरॅमचा पिवळा दिवा पेटला होता.

‘‘बघा, रॅमच!’’ काका खूश.

पण रॅम डीडीआर 5 ची, म्हणजे नव्या पिढीची. नव्या बोर्डावर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड आणि रॅम एकमेकांचा अंदाज घेतात, सिग्नलची वेळ जुळवतात. त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्यात काही मिनिटं जातात, कधी दहाही लागतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच. भाचा मात्र अर्ध्या मिनिटात कंटाळून बटण दाबून धरत होता. म्हणजे दरवेळी पहिल्यापासून सुरू.

‘‘आता हात लावू नकोस त्याला,’’ मी म्हटलं.

‘‘मामा, जळंल की काहीतरी!’’

‘‘जळत नाही. चहा घे.’’

ताईनं चहा आणला, काकांनी बशीत ओतला, पंखे फिरत राहिले. कप खाली ठेवायच्या आत पिवळा दिवा विझला, पांढरा लुकलुकला, आणि स्क्रीनवर बायोस, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगचं पान, उमटलं. पोरानं अशी आरोळी ठोकली की खालच्या दुकानातला माणूस वर बघायला लागला.

आनंद फार टिकला नाही. रॅमच्या खोक्यावर 6000 छापलंय आणि बायोसमध्ये 4800 दिसतंय, हे साहेबांच्या लक्षात आलं. तसं दिसणारच, छापलेला वेग मिळवायला बायोसमधलं एक्सपो नावाचं सेटिंग चालू करावं लागतं. त्यानं ते केलं, सेव्ह केलं, मशीन रीस्टार्ट झालं. स्क्रीन काळी. पिवळा दिवा.

ताईनं कपाळावर हात मारला. भाचा शांतपणे चप्पल घालत होता.

‘‘चला मामा, मिसळ खाऊन येऊया. तवर येतंय ते.’’