कार्डावर घातलेलं नाव

स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत मराठी घरांत अजून टिकून आहे. ताटाच्या मागे टिकटिक करत कोरलेलं नाव आणि तारीख. भांडं शेजारी गेलं तरी त्या नावाच्या बळावर घरी परत येतं. घरगुती धंद्यात पाकिटाबरोबर दिलेल्या कृतीच्या कार्डावर लावलेलं नाव-नंबरचं लेबल याच्या नेमकं उलट काम करतं. कार्ड परत येत नाही, गिऱ्हाईक येतं.

भाजणीचं पाकीट संपलं की कचऱ्यात जातं आणि त्यावर छापलेला फोन नंबरही त्याच्याबरोबर जातो. ‘एक वाटी भाजणीला साधारण पाऊण वाटी पाणी’ सांगणारं कार्ड मात्र फ्रिजवर चुंबकाखाली वर्षभर तग धरतं. म्हणून नंबर कार्डावर हवा. (मेतकुटाला कार्ड नको. गरम मऊ भात आणि तूप हे मराठी माणसाला लिहून द्यायचं म्हणजे त्याचा अपमानच.) एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक, वजन, तारीख यांची जागा पाकिटावर, कार्डावर त्यांची गर्दी नको.

मग नंबर कार्डावरच का छापू नये? कार्डं हजार-पाचशे एकदम छापली तरच स्वस्त पडतात, आणि नंबर तेवढा काळ टिकेलच असं नाही. शिवाय बोरिवलीच्या नणंदेनं तोच मसाला विकायला घेतला, तर कार्ड तेच, लेबल तिचं.

लेबलांची ए-फोर पानं क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत मिळतात. एका पानावर ६५ लेबलं असतील तर प्रत्येक साधारण ३८ × २१ मिलिमीटर. २४ असतील तर ६४ × ३४. दोनशे कार्डांना ६५ वाली चार पानं घ्यावीत, म्हणजे २६०. वीसेक वाया जाणारच.

२१ मिलिमीटर उंचीत वर-खाली दोन-दोन मिलिमीटर सोडले की १७ उरतात. त्यात १० पॉइंटच्या तीनच ओळी बसतात: नाव, नंबर, ठिकाण. इंग्रजीसाठी बेतलेली ओळींमधली जागा देवनागरीला पुरत नाही. ‘कुर्ल्याची’ लिहिलं की रफार वरच्या ओळीत घुसतो आणि उकार खालच्या. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.४ पट ठेवलं की निभतं. फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्याच ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्ट फुकट मिळतो आणि बारीक आकारातही वाचता येतो. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडावा, म्हणजे आजी फोनवर मोठ्यानं वाचून दाखवू शकते. ठिकाण म्हणून ‘दादर पश्चिम ४०००२८’ पुरे, खोली क्रमांक अनोळखी फ्रिजवर कशाला? पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते. थोड्या जागेत पुष्कळ सांगायचा सराव त्यांना असणारच.

क्यूआर हवाच असेल तर मोठं लेबल घ्यावं. चौकोन निदान दोन सेंटिमीटरचा आणि भोवती पांढरी कड. ती कापली की फोन नुसता बघत राहतो. व्हॉट्सॲपच्या दुव्यात आधी ९१, मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह किंवा मधली मोकळी जागा नको.

खरी फजिती छपाईत. फाइल पीडीएफ करूनच झेरॉक्सच्या दुकानात न्यावी, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट नसतो आणि ‘थालीपीठ’चे चौकोन होतात. दुकानदार सवयीनं ‘फिट टू पेज’ ठेवतो. त्यानं सगळं जरासं आक्रसतं, कडेच्या लेबलांवरचा मजकूर जागेवरून सरकतो आणि नंबरचा एखादा आकडा शेजारच्या लेबलावर जाऊन बसतो. ‘ॲक्च्युअल साइझ’ सांगावं, पहिली प्रत साध्या कागदावर काढावी आणि लेबलाच्या पानावर ठेवून उजेडाकडे धरावी. छपाई लेझरचीच. तिची शाई म्हणजे उष्णतेनं वितळवून चिकटवलेली प्लॅस्टिकची भुकटी, ओल्या बोटाला दाद देत नाही. साध्या इंकजेटचा नंबर मात्र पहिल्या वाफेलाच फुलतो. अर्धी लेबलं काढलेलं पान लेझर प्रिंटरमध्ये पुन्हा घालू नये. आतल्या उष्णतेनं उरलेलं एखादं लेबल सुटून रोलरला चिकटतं, मग दुकानदाराचा चेहरा बघवत नाही. जुलैत कोरी पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत आडवी ठेवावीत. दमट हवेत ती वळतात आणि प्रिंटर दोन-दोन एकदम ओढतो.

लावायची जागा म्हणाल तर बहुतेक जण उजवा खालचा कोपरा धरतात, आणि चूक तिथेच होते. तेलकट अंगठा कार्ड तिथेच पकडतो. वर मधोमध चुंबक येतं. उरतो वरचा उजवा कोपरा, कडेपासून तीन मिलिमीटर आत. अगदी कडेला लावलेलं लेबल कडेपासूनच सुटतं. पुठ्ठ्याचा काटकोन कापून त्यात कार्ड टेकवलं की दोनशे लेबलं एका रेषेत बसतात. लेबलाला नखानं उचकटू नये. मागचा कागद उलटा दुमडला की त्याची कड आपोआप वर येते. मग बटर पेपर ठेवून चमच्याच्या पाठीनं घासावं आणि कार्डं रात्रभर जाड पुस्तकांखाली ठेवावीत. गोंद पूर्ण धरायला दिवसभर लागतो. भाजणी भरता भरता लेबलं लावू नयेत, पिठाची धूळ बसलेल्या कागदावर गोंद धरत नाही.

नंबर बदलला तर जुन्यावर थेट नवं लेबल लावल्यास खालचे आकडे पारदर्शक साडीतल्या परकरासारखे दिसतात. मध्ये एक कोरं लेबल घालावं.

आणि उरलेली चाळीसेक लेबलं? मोदक न्यायला गिऱ्हाइकानं स्वतःचा डबा आणला की झाकणावर एक लावावं, कोरलेल्या त्यांच्या नावाशेजारी आपलं कागदी. पहिल्याच घासणीला ते जातं, पण तोवर मोदक संपलेले असतात.