अॅक कुठे अडला? साताऱ्यातल्या एपीआरएसची पुढची नोंद

मागच्या वेळी मी फुशारकी मारली होती की नागठाण्याच्या तात्यांशी एपीआरएसवर, म्हणजे हॅम रेडिओवरून छोटी डिजिटल पॅकेटं पाठवायच्या पद्धतीवर, निरोपांची देवाणघेवाण झाली. ती मागे घेतो. नंतर कच्चं पॅकेट उघडून पाहिलं तर पाथमध्ये, म्हणजे पॅकेट कोणत्या वाटेनं आलं त्या नोंदीत, टीसीपीआयपी लिहिलेलं. म्हणजे दोघांचे फोन इंटरनेटवरून बोलत होते आणि दोघांचे रेडिओ शोभेला. हेच काम व्हॉट्सअॅपवर फोटोसकट झालं असतं.

म्हणून या वेळी नियम एकच ठेवला. निरोप हवेतून गेला पाहिजे आणि त्याची पोच, म्हणजे अॅक, हवेतूनच परत आली पाहिजे. स्टेशनांची ठिकाणं दाखवणारा नकाशा उघडायचा नाही. गाडीचं चिन्ह नकाशावर हलताना बघण्यात मजा आहे, नाही म्हणत नाही, पण एपीआरएसचे जनक बॉब ब्रुनिंगा हयातभर सांगत राहिले की ही गाड्या शोधायची यंत्रणा नाही, आसपासच्या स्टेशनांनी एकमेकांना खबर द्यायची आहे. नावातला ‘पी’ आधी पोझिशनचा होता, पुढे पॅकेटचा झाला, तो याच कारणानं. ब्रुनिंगा २०२२ मध्ये गेले. नकाशाचं वेड काही गेलं नाही.

माझा जामानिमा तोच. मंगळवार पेठेत घर, गच्चीवर घरी केलेला ग्राउंड प्लेन अँटेना, २५ वॉटचा मोबाइल रेडिओ, रास्पबेरी पाय, यूएसबी साऊंड कार्ड, त्यावर आवाजाचं पॅकेट आणि पॅकेटचा आवाज करणारा डायर वुल्फ हा प्रोग्रॅम आणि निरोपांसाठी झॅस्टिर हा दुसरा. फ्रिक्वेन्सी १४४.३९० मेगाहर्ट्झ, वेग १२०० बॉड. तात्यांकडे ५ वॉटचा हँडी, म्हणजे हातातला रेडिओ, आणि फोनवर एपीआरएसड्रॉइड हे अॅप, मध्ये एक केबल. पीटीटीची, म्हणजे ट्रान्समिट चालू करायची, वायर नाही, सगळं व्हॉक्सवर, म्हणजे आवाज ऐकून रेडिओनं आपणहून ट्रान्समिट करायचं. हा व्हॉक्स लक्षात ठेवा.

एक गाढवपणा आधीच कबूल करतो. बीकन, म्हणजे आपलं ठिकाण सांगणारं पॅकेट, सुरू केल्यावर तात्यांचा फोन आला, “अरे, तू उंब्रजला राहायला गेलास का?” साताऱ्याचा अक्षांश १७ अंश ४१ मिनिटं. डायर वुल्फच्या फाइलमध्ये अंश आणि मिनिटांच्या मध्ये टोपीसारखी खूण द्यावी लागते. मी तिथे सरळ टिंब दिलं, आणि १७.४१ हे दशांश अंश समजले गेले. खरा आकडा १७.६८ च्या आसपास. घर एका टिंबात तीस किलोमीटर दक्षिणेला सरकलं. रेखांश ७४ च्या काठावरच असल्यानं तो मात्र जागचा हलला नाही, नाहीतर चूक आणखी लवकर कळली असती.

आता मुख्य रडगाणं. मी निरोप पाठवायचो, तात्यांना मिळायचा, पण पोच माझ्यापर्यंत यायची नाही. पोच आली नाही की प्रोग्रॅम तोच निरोप पुन्हा पाठवतो. मग फोन, “तुझा ‘चहा झाला का’ चौथ्यांदा आलाय. झाला म्हटलं ना!” झाला हे त्यांनी म्हटलं होतं, त्यांच्या फोननं चारही वेळा अॅकही पाठवला होता, मला काही ऐकू येत नव्हतं.

आम्ही दोघांनी दोष किल्ल्याला दिला. सोपंच होतं. माझं घर अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याशी, नागठाणे हायवेवर दक्षिणेला, मध्ये अख्खा डोंगर. माझे २५ वॉट कुठूनतरी वळसा घालून पोचत असतील, त्यांचे ५ वॉट डोंगर खात असेल. गणित बिनतोड वाटलं. पंधरा दिवस मी अँटेना फूट-फूट वर चढवत होतो. पावसात एका कनेक्टरमध्ये पाणीही शिरलं. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, ती आजतागायत टिकून आहे.

मग एका रविवारी तात्या पेठेत आले, हँडी टेबलावर ठेवला, मी माझी पॉवर कमीत कमी केली आणि निरोप पाठवला. दोन रेडिओंत अंतर सहा फूट, मध्ये फक्त कंदी पेढ्यांचा बॉक्स. अॅक आला नाही. किल्ल्याची माफी मागितली.

टेबलावर दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे तात्यांच्या हँडीचा बॅटरी सेव्ह चालू होता. त्यात रिसीव्हर मधूनमधून डुलकी घेतो. बोलणं असेल तर पहिला शब्द गेला तरी अर्थ लागतो. पॅकेट सेकंदभराचंच असतं आणि त्यातला एक बिट बिघडला तरी चेकसम जुळत नाही, सगळं पॅकेट टाकून दिलं जातं. काही निरोप पोचायचे, काही नाही, त्याचं कारण हे. सेव्ह बंद, दोन चॅनेल आलटूनपालटून ऐकणारा ड्युअल वॉच बंद, खरखर दाबणारा स्क्वेल्च पूर्ण उघडा. एरवी ही खरखर ऐकून घरचे वैतागले असते, पण आवाज केबलमधून फोनला जात असल्यामुळे तात्यांच्या घरी शांतता आहे.

दुसरी गोष्ट व्हॉक्स. व्हॉक्सला आवाज ऐकून ट्रान्समिट चालू करायला काही मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पॅकेटचं डोकं उडतं आणि उरतं ते धड. माझा डायर वुल्फ धड डीकोड करत नाही. त्यांच्या फोनमध्ये पॅकेटच्या आधीची सुरुवातीची शिट्टी लांबवली, तसा सहा फुटांवर अॅक पहिल्याच फटक्यात आला. आवाजाची पातळीही डायर वुल्फ दाखवतो. त्याला ५० च्या आसपास लागते, तात्यांची दीडशेच्या वर चालली होती. फोनचा व्हॉल्यूम निम्म्यावर आणला. पुढेमागे पीटीटीची वायर घालायचीच आहे, कारण व्हॉक्स पॅकेट संपल्यावरही क्षणभर ट्रान्समिट धरून ठेवतो आणि तेवढ्यात उत्तर आलं तर ते वाया.

तात्या नागठाण्याला परतले आणि अॅक पुन्हा गायब. म्हणजे किल्ल्याचाही वाटा होताच, पण निम्मा.

मग किल्ल्यालाच कामाला लावायचं ठरलं. दुसरा रास्पबेरी पाय, एक हँडी, पॉवर बँक आणि फीडरच्या वायरचा गुंडाळता येणारा जे-पोल अँटेना घेऊन पुतण्याबरोबर वर गेलो. डायर वुल्फचा डिजी केला, म्हणजे पॅकेट ऐकून पुन्हा हवेत सोडणारा, आणि तोही पाथमध्ये वाइड १-१ अशी विनंती असेल तरच. पहिली जागा चुकली. प्रक्षेपणाच्या मनोऱ्यांच्या जवळ चांगली सपाटी मिळाली म्हणून तिथे थांबलो, तर हँडी पार बहिरा. घरचा बीकनही ऐकेना. स्वस्त हँडीचा रिसीव्हर मनोऱ्यांच्या एवढ्या सिग्नलमध्ये गुदमरतो, त्याला इलाज अंतर हाच. दक्षिण दरवाज्याकडे सरकलो, जे-पोल एका फांदीला टांगला, आणि तात्यांचा बीकन स्वच्छ आला. घरचा मात्र थोडा दबका, कारण आता पेठ पाठीमागे होती. माझ्या २५ वॉटनी ते भरून काढलं.

घरी मुलगी झॅस्टिरवर बसली होती. तिनं निरोप पाठवला, किल्ल्यावरून तो पुन्हा हवेत गेला, आणि काही सेकंदांत त्याच वाटेनं अॅक परत आला. तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला. पाथमध्ये माझ्या डिजीच्या कॉलसाईनपुढे, म्हणजे स्टेशनच्या नावापुढे, चांदणी होती. ज्यानं पॅकेट पुढे ढकललं त्याच्यापुढे ही खूण उमटते. अजिंक्यताऱ्याला चांदणी लागली म्हणून मी वर एकटाच हसत होतो, पुतण्याला त्यात विनोद दिसला नाही.

दोन तास डिजी चालला. रोज वर कोण बसणार, हा प्रश्न आहेच, आणि कायमचा डिजी ठेवायचा तर जागेची, विजेची आणि परवानगीची मोठी यादी होईल. तूर्त महिन्यातून एक रविवार.

तात्यांचा हट्ट आता वेगळाच आहे. निरोप मराठीत, देवनागरीतच हवा. एपीआरएसच्या निरोपाला ६७ बाइटची मर्यादा, आणि देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, हलन्त, सगळ्यांना प्रत्येकी तीन बाइट लागतात. मी म्हटलं, रोमनमध्ये लिहू. त्यांनी कागदावर मोजून दाखवलं. “नागठाण्यात पाऊस सुरू आहे” हे बरोबर ६६ बाइटमध्ये बसतं. एक उरतो. त्यात ते पूर्णविराम देतात.