लंगर, सुट्टी आणि साहेब

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. आठवणी इतर मंडळी माझ्यापेक्षा रंगवून लिहितील. शाळेतून अधूनमधून कुणी ना कुणी खडकवासल्याच्या एनडीएत जाऊन लष्करी अधिकारी व्हायच्या तयारीला लागतं. मग माजी विद्यार्थी मेळाव्यात मुलं विचारतात, उंची किती लागते, अधिकारी निवडणाऱ्या एसएसबी मंडळाच्या ग्रुप टास्कमध्ये काय करायचं. कमिशन मिळून अधिकारी झाल्यावर जवान आपल्याला का मानतील, हे मात्र कुणी विचारत नाही. माझ्या वाट्याची पानं त्यासाठी खर्च करतो.

पलटणीत बावीस-तेवीस वर्षांचा लेफ्टनंट दाखल होतो, तेव्हा सुभेदार साहेबांची नोकरीच त्याच्या वयाएवढी झालेली असते. खांद्यावरच्या दोन ताऱ्यांना सॅल्यूट पहिल्या दिवसापासून मिळतो. खरी पारख न बोलता चालू असते आणि तिची सुरुवात बहुतेक वेळा लंगरात, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात होते. शेवटच्या जवानाला वाढून झालं की साहेबाने ताट घ्यायचं, ही जुनी रीत. तिच्यामागे चोख हिशेब आहे. भाजी कमी पडलीच तर ती साहेबाला कमी पडते आणि दुसऱ्या दिवशी लंगर कमांडर कुणी न सांगता रेशन नीट तोलून घेतो. साहेबासाठी वेगळी वाटी झाकून ठेवायला लागले, की बिघाडाला सुरुवात झाली म्हणून समजावं.

सुट्टीचं गणित याहून नाजूक. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस कॅज्युअल रजा असते, पण ती सगळ्यांना एकाच वेळी हवी असते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणीत कोकणातल्या पोरांना गणपतीला घरी जायचं असतं. म्हणून शहाणा कंपनी कमांडर चार्ट करून नोटीस बोर्डावर लावतो: गेल्या गणपतीला थांबलं कोण, यंदा जाणार कोण. स्वतःचं नाव तो तळाशी घालतो. साहेबाचा ड्रायव्हर किंवा दिमतीचा जवान (सहायक) लागोपाठ दोन वर्षं गणपतीला गेला, की संध्याकाळच्या रोल कॉलआधी ही बातमी सव्वाशे माणसांत फिरलेली असते. मग रजा नियमात बसवून दाखवली तरी कुणी ऐकून घेत नाही.

कडक साहेब जवानांना चालतो, लहरी चालत नाही. आर्मी ॲक्टच्या कलम ८० खाली कमांडिंग ऑफिसर २८ दिवसांपर्यंत कैद देऊ शकतो. त्याआधी साक्षी आरोपीसमोर ऐकाव्या लागतात आणि त्याला उलटतपासणी करता येते. एवढा खटाटोप नको म्हणून तरुण अधिकारी मैदानावर परस्पर रगडा, म्हणजे दमवणारी शिक्षा देतो, क्वचित हातही उचलतो. हाताखालच्या माणसावर हात टाकणं हा कलम ४७ खालचा गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. याहून वारंवार दिसणारी चूक म्हणजे हवालदाराला त्याच्या सेक्शनसमोर झापणं. रात्री गोळीबारात ती दहा माणसं त्याच हवालदाराच्या शब्दावर हलायची असतात. त्याला बाजूला घ्यावं आणि मग काय ते सुनवावं.

सगळ्यात महाग पडतो तो गस्तीचा खोटा रिपोर्ट. ठरलेल्या टेकडीच्या अलीकडूनच परत फिरायचं आणि ‘जाऊन आलो’ असं लिहायचं. सोबतच्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं आणि पुढची तुकडी त्याच कागदाच्या भरवशावर निघते. असा अधिकारी हल्ल्याआधी ‘उजवीकडून कव्हर फायर मिळेल’ म्हणाला, तर त्यावर विश्वास कोण ठेवील?

या बाबतीत कोल्हापूरकडच्या एस. पी. पी. थोरातांचं नाव मुलांनी माहीत करून घ्यावं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत ५१ ब्रिगेडच्या तीन पलटणी थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन या भारतीय अधिकाऱ्यांच्या हाताखाली लढल्या. तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. १९५३ मध्ये कोरियात मायदेशी जायला नकार देणाऱ्या युद्धकैद्यांवर पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे थोरात प्रमुख होते. कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून धरलं, तेव्हा मेजर जनरल थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि बोलणी करून, एकही गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. माझ्या मते १९६० मधलं त्यांचं काम याहून अवघड होतं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी लखनौला ‘लाल किला’ हा सराव घेतला आणि चीनपुढे आपलं बळ कमी पडतंय हे वरिष्ठांपुढे उघड मांडलं. वरच्यांना नको असलेलं बोलायचं, तेही पुढची बढती समोर असताना! १९६१ मध्ये लष्करप्रमुखपद पी. एन. थापर यांच्याकडे गेलं आणि थोरात निवृत्त झाले.

आता रोजच्या कामातलं एक. तरुण अधिकाऱ्याच्या वहीत प्रत्येक जवानाचं गाव, तालुका, रक्तगट, घरची माणसं एवढं असतंच. त्यात जमिनीच्या वादाचा रकाना वाढवावा. सुट्टीवरून आलेल्याला ‘घर में सब ठीक?’ विचारलं, तर ‘ठीक है साब’ एवढंच उत्तर येतं. गट नंबर काय, दावा कुठल्या कोर्टात, असं विचारलं की तो बोलू लागतो. सातबाऱ्याची नक्कल जोडून कलेक्टरना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला युनिटचं पत्र पाठवता येतं. १९२५ च्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्टखाली, विशेष परिस्थितीत तैनात असलेल्या जवानाच्या दाव्याची सुनावणी लष्करी दाखल्यावर पुढे ढकलता येते. मात्र तो दाखला सुनावणीआधी कोर्टात पोचायला हवा, म्हणून पुढची तारीख पहिल्यांदा विचारून घ्यावी.