एक कार्ड, पाच वाचणारे

रत्नागिरीच्या आमच्या घरात पुस्तकं विकत घ्यायची पद्धत नव्हती. शाळेची पुस्तकं, पंचांग आणि आजोबांची पोथी सोडली तर घरचं असं छापील काही नव्हतंच. पण वाचनालयाचं एक कार्ड होतं आणि त्यावर आम्ही पाच जण वाचायचो. एका वेळी एक पुस्तक, एक मासिक. गावाला या बाबतीत उगीच गर्व नाही. तिथलं नगर वाचनालय १८२८ सालचं. रेल्वे यायला त्यानंतर जवळजवळ एकशे सत्तर वर्षं लागली, पण वाचायची सोय आधीच झालेली होती.

पुस्तक बदलून आणायचं काम धाकटी म्हणून माझ्याकडे. आजीची सूचना ठरलेली: "रडकं नको, फार जाडं नको, आणि वाचलेलं तर मुळीच नको गो." आता तिनं काय वाचलंय हे मला कसं कळणार? तर तिची खूण होती. वाचून झालं की सत्तावीस नंबरच्या पानावर, आकड्याखाली, पेन्सिलीचा बारीक ठिपका. मी कपाटापाशी उभी राहून आधी ते पान उघडायची.

पुढे लक्षात आलं की अशी खूण करणारी आजी एकटी नाही. कुणाची फुली, कुणाचा त्रिकोण, कुणी दोन आडव्या रेघा मारलेल्या. पुस्तकात लिहू नये हे मान्यच, ग्रंथपालांनी पाहिलं असतं तर ओरडलेच असते. पण त्या फुलीवाल्या व्यक्तीनं वाचलेलं आजीला हमखास आवडायचं. मग मी लेखकाचं नाव बघणं सोडून फुलीच शोधायला लागले. ती व्यक्ती कोण हे कधीच कळलं नाही.

पुस्तक घरी आलं की पाळ्या लागायच्या. दुपारी आई, चार वाजता चहानंतर आजी, रात्री बाबा. माझी अधिकृत पाळी नव्हतीच. मी वाटेतच वाचायला सुरुवात करायची, पावसाळ्यात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक कुणाच्या तरी पडवीत थांबून उघडायची. त्यामुळे आजीच्या कादंबऱ्यांची पहिली चाळीसेक पानं मी तिच्या आधी वाचलेली असत आणि पुढचं काय झालं हे तिच्याकडून ऐकावं लागे. ती शेवट बदलून सांगायची. हे मला मोठेपणी, तीच पुस्तकं पुन्हा हाती आल्यावर कळलं. तिचे शेवट बरे होते.

कॉलेज आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बँकेच्या परीक्षांची गाइडं वाचली. त्याला वाचन म्हणत नाहीत.

मग ठाणे, पगार, आणि प्रदर्शनातून पिशव्या भरभरून आणलेली पुस्तकं. कपाट भरलं, वाचन मात्र होईना. वेळ नाही, मोबाइल, डोळे, सगळी कारणं देऊन झाली. खरं कारण वेगळं असावं. त्या पुस्तकांची कुणी वाटच बघत नव्हतं. आज नाही वाचलं तरी ती कुठे जाणार होती? मला मुदत लागते, आणि मुदतीपेक्षाही मागे नंबर लावून बसलेला माणूस लागतो.

म्हणून मराठी ग्रंथ संग्रहालयात नाव घातलं. हेही जुनंच, १८९३ चं. दिवाळी अंकही तिथूनच आणते. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकानं पाडलेली ही प्रथा अजून टिकून आहे, याचं बरंच श्रेय मी वाचनालयांना देईन. इतके अंक विकत घेणारी घरं मी तरी फारशी पाहिलेली नाहीत.

आमच्याकडे अंक आला की सासूबाई आधी राशिभविष्य उरकतात, नवरा व्यंगचित्रं बघून "झाला माझा" म्हणतो. खरी झटापट दीर्घकथेवरून, माझी आणि सासूबाईंची. आत्ताच्या अंकातल्या कथेची आठ पानं उरलीत, अंक उद्या परत द्यायचाय, आणि "झालं का गं तुझं?" असं आतून दोनदा विचारून झालंय.