पणजोबांचा बाप्तिस्मा कुठे शोधायचा

नगरकडच्या ख्रिस्ती घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचे पणजोबा साहेबांच्या शाळेत होते, तिथेच बाप्तिस्मा झाला." कोणत्या साहेबांची शाळा, हे मात्र कुणी विचारलेलं नसतं. शोध तिथूनच सुरू करावा. मिशन कळलं नाही तर कागद कुठे असतील हेही कळत नाही.

जुन्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१पासून होतं. पुढे अँग्लिकनांचं एसपीजी (सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल) आलं, कॅथलिक जेझुइट फादर आले, सॅल्व्हेशन आर्मी आली. एकाच तालुक्यात शेजारशेजारच्या दोन गावांची मिशनं वेगळी असू शकतात. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला चार गोष्टी विचारा: मूळ गाव, उपासनेला कुठे जायचे, पाळक की फादर, आणि आजोबांना कुठे पुरलं. "फादर" म्हणाले तर शोध कॅथलिक धर्मग्रामाकडे (पॅरिशकडे) वळतो. मात्र काही अँग्लिकन पुरोहितांनाही फादर म्हणत, तेव्हा घरात जपमाळ होती का, हेही विचारून घ्या.

बाप्तिस्म्याची मूळ वही सहसा परदेशी गेलेली नसते, ती मंडळीतच, म्हणजे गावच्या चर्चमध्येच, राहते. मिशनची पत्रं आणि अहवाल मात्र बाहेर गेले. अमेरिकन मराठी मिशनचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, एसपीजीचे ऑक्सफर्डच्या बोडलियनमध्ये, नाशिकच्या सीएमएसचे (चर्च मिशनरी सोसायटीचे) बर्मिंगहॅम विद्यापीठात आणि स्कॉटिश मिशनचे एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. पणजोबा शिक्षक, बायबल-प्रचारक किंवा पाळक असतील तर तिथे नाव सापडण्याची आशा असते. साध्या शेतमजुराचं नाव सापडलं तर ते नशीब. अमेरिकन मिशनचे छापील अहवाल इंटरनेटवर मोफत वाचता येतात, पण जुनी इंग्रजी स्पेलिंगं उच्चारावर लिहिलेली आहेत. शिरूर हे 'सीरूर' होतं, नगर हे 'नग्गर'. आजच्या स्पेलिंगने शोधून काही मिळालं नाही, म्हणून लगेच हात टेकू नका. लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयातल्या मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदी पुष्कळ जण आधी उघडतात. त्या मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत.

मंडळीची वही मिळवताना पाळकांना आधी लेखी अर्ज द्या. त्यात नाव, वडिलांचं नाव, गाव आणि अंदाजे दहा वर्षांचा टप्पा लिहा. "सगळी वही दाखवा" म्हटलं की नकार ठरलेला, आणि तो रास्तही आहे, कारण त्या पानांवर इतरांचीही घरं आहेत. १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर अनेक जुन्या मंडळ्या त्यात आल्या, त्यामुळे वही मंडळीत नसेल तर धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या, कार्यालयात विचारावं.

वही हाती आली की पहिली अडचण आडनावाची. जुन्या नोंदींत बहुधा स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव एवढंच असतं. साळवे, गायकवाड, शिंदे ही आडनावं पुढे शाळेच्या दाखल्यात पक्की झालेली असतात. म्हणून आडनावाने शोधू नये, बाप आणि गाव यांची जोडी धरावी. दुसरी अडचण वयाची: प्रौढांचं वय अंदाजे लिहिलेलं असतं, तेव्हा जन्मवर्षात पाच वर्षं मागेपुढे धरावीत. तिसरी बदल्यांची. शिक्षकाच्या चार मुलांचे बाप्तिस्मे चार गावांत सापडले तर ती चार कुटुंबं समजू नका, बाप एकच असू शकतो.

पडताळा सरकारी कागदावर घ्यावा. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, यात जन्म-मृत्यूसोबत जातही लिहिलेली असते. जुनी पानं मोडीत असतील तर वाचणारा सोबत न्यावा. दुसरा आधार म्हणजे शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. इथे काही घरं थबकतात. मंडळीच्या वहीत 'ख्रिस्ती' लिहिलेला माणूस कोतवाल बुकात 'महार' किंवा 'मांग' असतो. हा खोटेपणा नव्हे. गावकामगाराने त्याला गावाने ज्या नावाने ओळखलं तेच लिहिलं. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना सवलतींबाहेर ठेवलं, त्यामुळे या फरकाला वजन आलं, आणि अनेक घरांनी जुने कागद दडवले. शोधणाऱ्याने ते दडवू नयेत. वतनाची जमीन असेल तर फेरफारात पिढ्यांची नावं एकाखाली एक मिळतात, आणि तो पुरावा कुठल्याही आठवणीपेक्षा भक्कम असतो.

तारखा नीट वाचल्या तर श्रद्धेबद्दलही बरंच कळतं. १८७६-७८च्या दुष्काळानंतर आलेल्यांना "भाकरीसाठी ख्रिस्ती झाले" हा टोमणा अजून ऐकावा लागतो. एका वस्तीचे वीस-पंचवीस बाप्तिस्मे एकाच दिवशी दिसले तर निर्णय जमातीने घेतला असावा, हे उघड आहे. पण तिथेच थांबू नका, पुढची पन्नास वर्षं चाळा. मुलांचे बाप्तिस्मे, मंडळीतली लग्नं, प्रभुभोजनाला घेतल्याची नोंद, आणि कुठे 'नाव कमी केले' असा शेरा. भाकरीसाठी आलेलं घर सुगी आल्यावर टिकलं की गेलं, हे त्या पानांवर दिसतं. बायकांच्या तारखा वेगळ्या काढाव्यात. नवऱ्यानंतर काही वर्षांनी बायकोचा बाप्तिस्मा असेल तर त्या घरात दरम्यान बरंच बोलणं झालेलं असणार.

वसईकडच्या घरांचं गणित निराळं आहे. पोर्तुगीज सत्ता १५३४ ते १७३९ अशी होती, त्यामुळे धर्मांतर कित्येक पिढ्या मागे जातं आणि पहिला बाप्तिस्मा सापडेल अशी आशा धरू नये. परेरा, डिमेलो ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली. त्यावरून पोर्तुगीज रक्त शोधणं व्यर्थ. तिथे सामवेदी, वाडवळ, कोळी हा समाज धरून मागे जावं. धर्मग्रामाच्या वह्या लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये असतात, पण रकाने ठरलेले असल्याने पंधरा-वीस शब्द शिकले की वाचता येतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात पुढे झालेल्या लग्नाची नोंद करण्याची कॅथलिक पद्धत आहे, तेव्हा समास आधी पाहा. पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही मुंबई-ठाण्यातली काही धर्मग्रामं पोर्तुगीज धार्मिक अधिकाराखाली होती, आणि त्यांचा कारभार १८८६ ते १९२८ दमण धर्मप्रांताकडे होता; त्या काळातला पत्रव्यवहार मुंबईत मिळाला नाही तर शोध तिकडे न्यावा लागतो.

दफनभूमीत सकाळी लवकर जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं वाचता येतात. दगडावर खडू किंवा आम्ल लावू नका. जागा कमी असेल तिथे जुन्या कबरी पुन्हा वापरतात, म्हणून दगड दिसला की त्याच दिवशी फोटो काढावा आणि त्याची एक प्रत मंडळीच्या सचिवांना द्यावी.