साडेसहा बाय साडेसहा

मे महिन्यात पुण्याहून भाचा आला तो बगलेत एक पांढरा डबा घेऊन. दरवेळी येताना तो बाकरवडी आणतो, म्हणून आईनं सवयीनं डबा कानाशी धरून हलवून पाहिला.

"आजी, हलवू नको. व्हीआर हाय ते. डोळ्यांवर बांधलं की दुसरंच जग दिसतं."

लातुरात पाऊल टाकलं की दुसऱ्या मिनिटाला त्याच्या 'आहे'चं 'हाय' होतं. मला ते फार आवडतं. पण पुढचं वाक्य तितकंसं आवडलं नाही. "मामा, जागा लागंल. दोन मीटर बाय दोन मीटर, मोकळी."

म्हणजे साधारण साडेसहा बाय साडेसहा फूट. एका जागी बसून नुसतं बघायचं असेल तर एवढी लागत नाही, पण खेळायचं तर लागते. आता आमच्या बैठकीत काय काय आहे ते सांगतो. एक दिवाण, त्यावर कुणी ना कुणी आडवं. शिलाई मशीन, जिच्यावर शिलाई सोडून सगळं होतं. गावाकडून आलेले ज्वारीचे दोन कट्टे. लोखंडी कपाट. खिडकीत कूलर, त्याच्यासमोर आईची खुर्ची. मोकळी जागा म्हणाल तर दाराआड चपला काढण्यापुरती, आणि तिथंही छत्री असते. कशासाठी असते ते लातूरकरांनी विचारू नये.

तासभर ओढाओढ झाली. दिवाणाखाली बायकोचं तीन वर्षांपूर्वी हरवलेलं जोडवं सापडलं. तिच्या मते यंत्राचा खरा उपयोग तेवढाच, आणि तो चालू करण्याआधीच होऊन गेला.

हे मेटा कंपनीचं क्वेस्ट ३ नावाचं यंत्र होतं, २०२३ साली आलेलं. वजन ५१५ ग्रॅम. आपल्या तराजूत सांगायचं तर अर्धा किलो तूरडाळ कपाळाला बांधायची आणि मान ताठ ठेवायची. आत दोन्ही डोळ्यांपुढं वेगवेगळं चित्र असतं, किंचित सरकवलेलं, आणि मेंदू त्या दोहोंची सांगड घालून खोली तयार करतो. ही युक्ती काही नवी नाही. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ सालीच आरसे लावून ती दाखवली होती. डोक्यावर चढवायचं यंत्र मात्र १९६८ चं, आयव्हन सदरलंड यांचं. डोकं कुठं वळतंय ते मोजणारा त्याचा दांडा चक्क छताला टांगलेला असायचा. भाच्यानं हे सांगितलं तेव्हा मला गावच्या माळवदाच्या घरातली पाळण्याची कडी आठवली. तिथं ते टांगता आलं असतं, आणि आईनं सवयीनं त्याला झोकाही दिला असता.

मग भाच्यानं हातातल्या कंट्रोलरनं फरशीवर एक रेघ आखली. आपल्याला इथून ती दिसत नाही, आत गेल्यावर दिसते. रेघेच्या जवळ गेलं की समोर जाळी उभी राहते: पुढं कपाट आहे, थांब. यंत्र बाहेरच्या कॅमेऱ्यांनी खोली बघत असतं, म्हणून त्याला हे कळतं. यंत्राला रेघ कळली. घरातल्यांना कळली नाही.

पहिल्यांदा त्यानं मला बर्फाच्या डोंगरावर उभं केलं. मी आजवर बर्फ पाहिला तो रसवंतीवर. खाली खोल दरी, वर निळंशार आभाळ, आणि काय सांगू, अंगावर खरंच गार वारा आला. थेट तोंडावर, ओलसर. मी म्हणालो, "अरे, हे वाऱ्याचं कसं काय जमवलं?"

"मामा, कूलर हाय तो."

हिमशिखरावर वाळ्याचा वास येत होता. पण त्यात चूक काही नाही, उलट भाच्याचं म्हणणं की खेळणारे मुद्दाम एका बाजूला टेबलफॅन लावतात. वारा कुठून येतो त्यावरून आपलं तोंड कुठं आहे ते समजतं आणि मळमळही कमी होते म्हणे.

ते 'म्हणे' दहा मिनिटांत तपासून झालं. रोलर कोस्टरचा डबा खटखटत वर चढला, टोकाला थांबला आणि सुटला. मी एसटीत ओकणाऱ्या पोरांपैकी. मांजरसुंब्याच्या घाटात कंडक्टर मला आपणहून खिडकी देत असे. इथं प्रकार उलटा. घाटात पुस्तकात डोकं घातलं तर कान म्हणतो गाडी वळली आणि डोळा म्हणतो आपण बसलोय. यात डोळा म्हणतो पडलो आणि कानातलं पाणी म्हणतं हलतंय कोण? दोघांचं भांडण, फटका पोटाला. मी दिवाणाचा आधार घ्यायला हात लांबवला. दिवाण तिथं नव्हता, आम्हीच हलवला होता. बायकोनं लिंबू कापून दिलं, मीठ लावून. चोखत बसलो.

आईला रोलर कोस्टरचं विचारलं तर तिनं ते साफ नाकारलं. "जमीन हललेली एकदा बघितली. बस झालं." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेबद्दल ती याहून जास्त कधी बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

लिंबू संपल्यावर तलवारी आल्या. दोन्ही हातांत एकेक तलवार, समोरून ठोकळे येतात, ते गाण्याच्या तालावर कापायचे; मधूनच भिंत येते, तेव्हा खाली वाकायचं. हे मात्र जमलं. इतकं जमलं की मी घुमायलाच लागलो. डावा हात एकदा ज्वारीच्या कट्ट्यात बसला, एकदा कपाटावर. ते वाजलं, पण तालातच वाजलं.

याच वेळी शेजारच्या काकू विरजणाची वाटी घेऊन दारात आल्या. त्यांना काय दिसलं असेल ते मला नंतर कळलं: पन्नाशीचा माणूस, डोळे झाकलेले, घामाघूम, दोन्ही हात भिरभिर फिरतायत, मध्येच गुडघे टेकतोय, तोंडानं 'हं, हं' चाललंय. तुळजापूर आमच्यापासून लांब नाही. काकूंनी वाटी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि हळू आवाजात बायकोला विचारलं,

"कवापासून?"

"सकाळपासून," बायको म्हणाली.

"लिंबू दिलं का?"

"दिलं की. आत्ताच."

काकूंचं समाधान झालं. मला आवाज आला म्हणून मी यंत्राच्या कडेला दोन टिचक्या मारल्या. तसं केलं की खेळ बाजूला होऊन खरी खोली दिसते, जराशी धुरकट. त्या धुरकट खोलीत काकू माझ्यापुढं हात जोडून उभ्या होत्या, बरोबर रेघेच्या आत. आणि बायको, जिला हे सगळं तिथंच मिटवता आलं असतं, कपाटाला टेकून खिडकीबाहेर बघत होती.

या यंत्राची खरी मजा घालणाऱ्याला नाही, बघणाऱ्याला आहे, हे माझं मत तेव्हा झालं. आणि संध्याकाळी आईची पाळी आली तेव्हा पक्कं झालं.

आईला आम्ही खुर्चीतच बसवलं. भाच्यानं चष्म्यासाठी आतली गादी थोडी पुढं ओढली, दोन भिंगांमधलं अंतर जुळवलं आणि तिला समुद्राच्या तळाशी सोडलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. तोंड जरासं उघडं, मान सावकाश डावीकडून उजवीकडं. देवमासा जात असावा, कारण मान खूप वेळ वळत राहिली. मग तिनं खाली पाहिलं आणि दोन्ही हातांनी निऱ्या वितभर वर उचलून धरल्या. आम्ही कुणी हसलो नाही.

"लई पाणी हाय रं," ती म्हणाली.

आमच्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, एकेक पन्नास हजार लिटरची. त्या दिवसांत आईनं डाळ धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं तुळशीला घातलेलं मी पाहिलंय. अशा बाईला तुम्ही समुद्रात बसवलं तर ती काय विचारणार? कुणाच्याही शेतात बोअरला पाणी लागलं की आपण जे विचारतो तेच.

"गोड हाय का खारं?"

भाचा मोठ्या कंपनीत इंजिनिअर. त्याला उत्तर देता येईना. खारं म्हणावं तर तिचा विरस, गोड म्हणावं तर खोटं.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर घरघरत थांबला. यंत्राला त्याची फिकीर असायचं कारण नव्हतं, त्याच्या पोटात स्वतःची बॅटरी आहे. पण कॅमेऱ्यांना खोली दिसायला उजेड लागतो, आणि खोलीत आता मिट्ट काळोख. देवमासा, पाणी, सगळं एकदम गेलं. आई अंधारात निऱ्या धरून तशीच बसलेली.

"का रं," ती म्हणाली, "समुद्राची बी लाईट गेली का?"

चौथ्या दिवशी भाचा गेला, डबा घेऊन. निघण्याच्या दिवशी दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप डब्याशेजारच्या भिंगांवर येऊ लागली तेव्हा तो जेवणावरून उठून पळाला आणि वर टॉवेल टाकला. भिंगातून ऊन आत गेलं तर पडदा जळतो. शाळेत आम्ही भिंगानं कागद जाळायचो, त्यामुळं हे एक मला न सांगता कळलं.

दिवाण पुन्हा जागेवर आणायचं ठरलं होतं. पण आईच्या लक्षात आलं की तो हलल्यापासून कूलरचा वारा थेट स्वयंपाकघरापर्यंत जातो. मग राहिलं. मोकळ्या जागेत तिनं जुनं धोतर अंथरलं आणि त्यावर शेवया वाळत घातल्या, साडेसहा बाय साडेसहा, काठोकाठ. दोन दिवसांनी शेवया डब्यातही भरल्या.

मी अजून बैठकीतून जाताना भिंतीच्या कडेकडेनं जातो.

"सरळ चाल की," आई खुर्चीतून म्हणते. "शेवया कवाच उचलल्या मी."