शेवटच्या दोन ओळी

बाईंनी फळ्यावर सहाच ओळी लिहिल्या आणि पुस्तकं मिटायला सांगितली. कविता बालकवींची 'औदुंबर'. ती आठ ओळींची आहे हे आम्हाला तेव्हा कुठे ठाऊक! झरा, चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट. "काय आहे यात?" बाईंनी विचारलं. मी हात वर केला आणि गाइडातल्या थाटात म्हणालो, "निसर्गवर्णन." "बरोबर," म्हणत त्यांनी उरलेल्या दोन ओळी लिहिल्या. शेवटची होती, 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.'

वर्ग स्तब्ध झाला, असं लिहायला आवडलं असतं. पण मागच्या बाकांवरची खुसफुस चालूच होती. माझं उत्तर मात्र लटकं पडलं. सुरुवातीचं क्रियापद 'वाहतो', शेवटचं 'बसला'. सुरुवातीला पाणी निळंसावळं, शेवटी लाटांवर काळिमा, आणि तोही 'गोड'! बाईंनी सहाव्या ओळीतल्या 'काळ्या डोहाकडे'खाली रेघ मारली. पायवाट तिथूनच तिकडे निघाली होती, आम्ही नुसती हिरवळ बघत बसलो होतो. "आता पुन्हा पहिल्यापासून वाचा," बाई म्हणाल्या. वाचली, तर पहिली ओळ मघाची राहिलीच नव्हती. झरा कुठे निघालाय ते आता कळत होतं. पाण्यात पाय सोडून बसलेला तो कोण, झाड की जोगी की स्वतः कवी, ते त्यांनी सांगितलं नाही. परीक्षेच्या दृष्टीने तास वायाच गेला म्हणायचा.

पुढे कुसुमाग्रजांची 'कणा' मी याच सवयीने वाचली. 'ओळखलंत का सर मला?' असा तिचा आरंभ. सबंध कवितेत सर एक शब्द बोलत नाहीत, त्यांचा हात तेवढा खिशाकडे जातो. म्हणजे माणूस ओळखला असेलही, पण तो कशाला आला हे ओळखलं नाही. मग त्यालाच सांगावं लागतं, 'फक्त लढ म्हणा.' कविता तिथेच थांबते. सर 'लढ' म्हणाले का, ते कवी सांगत नाही. भाषणांत शेवटच्या दोनच ओळी उचलतात आणि त्यांची घोषणा होते. मागे पावसात भिजून दारात आलेला तो पहिला प्रश्न ऐकू येत असेल, तर ती घोषणा राहत नाही. एका एकट्या माणसाचं मागणं होतं.

त्या वर्षी हस्तलिखितासाठी मीही कविता दिली. रात्रभर वाट चुकलेल्या एका मुलाची. शेवटच्या कडव्यात तो घरी पोचतो, आई त्याला जवळ घेते, आणि वाचकांना आईची महती चार ओळींत सांगितलेली. बाईंनी ते कडवं तांबड्या पेन्सिलीने काटलं. आता कविता दूरवर दिसणाऱ्या दिव्यापाशी संपत होती. मी दोन दिवस फुरंगटून होतो. हस्तलिखित वर्गात फिरलं तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मित्राने कविता वाचली, पान उलटून पाहिलं, आणि विचारलं, "मग तो दिवा त्याच्याच घरचा होता का?"

मी ते तक्रार म्हणून बाईंना सांगितलं. त्या खूश झाल्या.